कर्नल अपडेट झालं की व्हर्च्युअलबॉक्स बंद : व्हीबॉक्सडीआरव्ही आपोआप लोड का होत नाही

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की व्हर्च्युअलबॉक्स बंद पडतं, हे दुखणं मी दीड-दोन वर्षं सोसलंय. दर वेळी वाटायचं मिटलं एकदाचं, आणि दोन महिन्यांनी परत तोच मेसेज. शेवटी बसून मुळापर्यंत गेलो तेव्हा कळलं की मेसेज एकच असला तरी कारणं पाच वेगळी होती, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. कुणाचं मशीन सकाळी सकाळी उभं राहिलं असेल तर त्याचा तास-दीड तास वाचावा एवढीच इच्छा आहे.

आधी सेटअप सांगतो. मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). शिरोलीच्या फौंड्रीतनं कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन परत जातं. ऑफिसातला पीसी उबुंटूवर, म्हणजे एका प्रकारच्या लिनक्सवर, चालतो, पण लेथला प्रोग्राम पाठवायचं सॉफ्टवेअर जुनं आहे, ते विंडोज ७ सोडून कशावर धड चालत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज ७ टाकून यूएसबी-सिरियल केबलने मशीनला जोडलंय. अण्णा, म्हणजे मामांकडचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सकाळी आठला येतात, व्हीएम, म्हणजे तो आतला पीसी, चालू करतात, प्रोग्राम पाठवतात आणि कामाला लागतात. त्यांना लिनक्सशी काही देणंघेणं नाही आणि असायचं कारणही नाही.

तर एका सकाळी अण्णांचा फोन. "बाळा, तुझं ते विंडोज उठंना झालंय बघ. लाल गोल येतोय आन् इंग्रजीत कायतरी लिवून आलंय." मी म्हटलं अण्णा, जेवढं लिहिलंय तेवढं अक्षर अक्षर वाचा. त्यांनी वाचलं : कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड, आरसी इज इक्वल टू मायनस १९०८. खाली बारीक अक्षरात होतं की व्हर्च्युअलबॉक्सचा लिनक्स कर्नल ड्रायव्हर एकतर लोड नाही किंवा नीट सेटअप नाही. "काल रात्री चालू हुतं, कुणी हात लावला नाही," हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकलं, आणि ते प्रत्येक वेळी खरंच होतं. खरी गोम तिथंच आहे.

(खाली कमांड मी बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. व्हीबॉक्सडीआरव्ही म्हणजे व्हीबॉक्सला चिकटून डी, आर, व्ही ही तीन अक्षरं.)

सगळ्यात आधी, काम अडलं असेल तर दुरुस्ती करत बसू नका. पीसी रीस्टार्ट करा, चालू होताना एस्केप दाबत राहा, जुन्या बायॉसचा पीसी असेल तर शिफ्ट धरून ठेवा, ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल चालू करायचा ते विचारणारा, मेनू येतो. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा, म्हणजे यादीत वरून दुसऱ्या नंबरचा, रिकव्हरी मोडवाला सोडून. बहुतेक वेळा व्हीएम गपगुमान चालू होते, कारण त्या कर्नलसाठी ड्रायव्हर आधीच बनवलेला असतो. पहिल्या दिवशी मला हे सुचलं नाही, मी फोनवर अण्णांकडून कमांड टाइप करून घेत बसलो आणि दोन तास लेथ उभा राहिला. आता अण्णा हे स्वतः करतात. काम सुरू होतं, आणि मी संध्याकाळी जाऊन शांतपणे बघतो.

आता मूळ कारण. व्हर्च्युअलबॉक्स हा नुसता साधा प्रोग्राम नाही, त्याला प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशन सोयीला थेट हात घालायला लागतो आणि ते कर्नलच्या आत बसलेल्या मॉड्यूलशिवाय, म्हणजे त्याला जोडलेल्या ड्रायव्हरच्या तुकड्याशिवाय, होत नाही. ते मॉड्यूल म्हणजे व्हीबॉक्सडीआरव्ही. त्याच्या जोडीला दोन आणखी, व्हीबॉक्सनेटएफएलटी हे ब्रिज नेटवर्कसाठी आणि व्हीबॉक्सनेटएडीपी हे होस्ट-ओन्ली नेटवर्कसाठी. ही मॉड्यूल लिनक्स कर्नलसोबत येत नाहीत, बाहेरून येतात, आणि मॉड्यूल ज्या कर्नल व्हर्जनसाठी कंपाइल केलंय त्याच व्हर्जनला बसतं. प्रत्येक कर्नलचं लिब मॉड्यूल्सखाली स्वतःचं फोल्डर असतं, मॉडप्रोब, म्हणजे मॉड्यूल लोड करणारी कमांड, फक्त चालू कर्नलच्या फोल्डरात बघतो, शेजारच्या फोल्डरात पडलेलं त्याला दिसत नाही.

आता उबुंटू काय करतं, सिक्युरिटी अपडेट मागच्या मागे स्वतःच टाकतं, त्यात नवा कर्नलही येतो. पण नुसता येऊन डिस्कवर बसतो, चालू होतो तो पुढच्या रीस्टार्टला. मामांच्या ऑफिसातला पीसी तीन-तीन आठवडे बंदच होत नाही. मग एखाद्या रात्री पावसात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी तेवढा वेळ काढत नाही, सकाळी अण्णा बटण दाबतात आणि पीसी पहिल्यांदा नव्या कर्नलवर उठतो. म्हणजे चूक तीन आठवड्यांपूर्वी झालेली असते आणि दिसते आज. त्यामुळे आपण आजचं कारण शोधत बसतो, लाईट गेल्यामुळे फाइल खराब झाली असेल, हार्डडिस्क गेली असेल, व्हायरस असेल. मी स्वतः एकदा हार्डडिस्क तपासण्यात अख्खा रविवार घालवलाय. ॲप्टचा, म्हणजे उबुंटूत पॅकेज टाकणाऱ्या टूलचा, हिस्टरी लॉग व्हार लॉग ॲप्ट फोल्डरात असतो, तो उघडून लिनक्स-इमेज कधी आलं ती तारीख बघा, आणि युनेम डॅश आर करून आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते बघा. नव्वद टक्के गोष्ट तिथंच उलगडते.

दुसरा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता : नेटवर्क कार्डाचा, साउंडचा, त्या यूएसबी-सिरियल केबलचा ड्रायव्हर आपोआप लोड होतो, मग याच्यातच काय एवढं? तर ते ड्रायव्हर हार्डवेअरमुळे लोड होतात. केबल खोचली की कर्नल ओरडून सांगतो या या नंबरचं डिव्हाइस आलंय, यूडेव्ह ते ऐकतो आणि त्या नंबरला जुळणारं मॉड्यूल हुडकून लोड करतो. व्हीबॉक्सडीआरव्हीच्या नावाचं कुठलंच हार्डवेअर नाही. त्याच्यासाठी कोण ओरडणार? म्हणून त्याला बूटच्या वेळी मुद्दाम नाव घेऊन बोलवायला लागतं, एकतर पॅकेजची स्वतःची सर्व्हिस बोलावते किंवा सिस्टिमडीची, म्हणजे बूटला सगळ्या सर्व्हिस चालू करणाऱ्या प्रोग्रामची, मॉड्यूल्स-लोड सर्व्हिस. आणि गंमत म्हणजे केव्हीएम, जे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन आहे, ते मात्र आपोआप लोड होतं, कारण प्रोसेसरमध्ये व्हीएमएक्स, म्हणजे इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची, सोय आहे हे बघूनच यूडेव्ह त्याला बोलावतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी तीच आडवी येणार आहे.

तर आता तपासायचं कसं. लोक सरळ सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकतात, मीही केलं, आणि ते चालतं पण, कारण परत टाकताना चालू कर्नलसाठी मॉड्यूल बनतं. पण पुढच्या कर्नलला परत तेच. त्यापेक्षा सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सडीआरव्ही एवढी एकच कमांड द्या आणि काय उत्तर येतं ते नीट वाचा, सगळा निकाल त्या एका ओळीत आहे. मॉड्यूल नॉट फाउंड आलं तर मॉड्यूल बनलेलंच नाही. 'की (म्हणजे चावी) वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर बनलंय पण सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं आत न घेणारं बायॉसचं सेटिंग, त्याला दारातच अडवतंय. काहीच न बोलता कमांड परत आली आणि व्हीएम चालू झाली तर मॉड्यूल ठणठणीत आहे, फक्त बूटला कुणी बोलावलं नाही. आणि एलएसमॉड, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलची यादी देणारी कमांड, केल्यावर व्हीबॉक्स आधीपासूनच लोड दिसतंय तरी व्हीएम पडतेय, तर भांडण दुसऱ्याशीच आहे. मला हे चारही प्रकार भेटले, त्यातला पहिला दोनदा, तेही वेगवेगळ्या कारणाने.

पहिल्यांदा नॉट फाउंड आलं ते हेडर नव्हते म्हणून. मॉड्यूल कंपाइल करायला त्या कर्नलचे हेडर, म्हणजे त्याची आतली रचना सांगणाऱ्या फाइली, लागतात, आणि कंपाइल करण्याचं काम डीकेएमएस करतं. हे डेलच्या लिनक्स टीमने २००३ च्या सुमारास केलेलं टूल आहे, नवा कर्नल आला की बाहेरची मॉड्यूल त्याच्यासाठी आपोआप बनवून ठेवायची हेच त्याचं काम. पण हेडर नसतील तर ते बिचारं काय करणार, एक ओळ सांगतं आणि पुढं जातं, आणि मागच्या मागे झालेल्या अपडेटमधली ती ओळ वाचणार कोण? मी लगेच लिनक्स-हेडर्स-जेनेरिक टाकलं आणि तरी होईना! इथं मी फसलो ते नीट सांगतो. तेव्हा पीसीवर उबुंटू २२.०४ होतं. त्याच्या डेस्कटॉपला एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल येतो, म्हणजे ५.१५ पासून सुरू होऊन पुढं ६.२, ६.५, ६.८ असा वर सरकत जातो. पण लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे पॅकेज २२.०४ वर ५.१५ चेच हेडर आणतं. म्हणजे चालू आहे ६.५ आणि हेडर ५.१५ चे, त्याचा उपयोग शून्य. लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ हे नाव पाहिजे. बरेच जण लिनक्स-हेडर्स आणि पुढं युनेम डॅश आर असं टाकायला सांगतात, ते आजच्यापुरतं बरोबर आहे, पण त्याने फक्त आजच्या कर्नलचे हेडर येतात, उद्याच्या कर्नलचे येत नाहीत आणि दुखणं परत येतं. जेनेरिक नावाचं जे मेटा पॅकेज असतं तेच टाकायचं, मग प्रत्येक नव्या कर्नलसोबत हेडर पण येत राहतात. एवढी एक गोष्ट केली तरी निम्म्या लोकांचा त्रास संपेल असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्यांदा हेडर होते, डीकेएमएसने प्रयत्नही केला होता, पण कंपाइल फेल. याचा लॉग व्हार लिब डीकेएमएस व्हर्च्युअलबॉक्स, त्याखाली व्हर्जनचं फोल्डर, त्यात बिल्डमध्ये मेक डॉट लॉग नावाने असतो. तो उघडल्यावर दिसलं की जीसीसीला, म्हणजे कंपायलरला, एक ऑप्शन ओळखता येईना, ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट वाला. २२.०४ चा नेहमीचा जीसीसी ११ आहे, पण हा नवा एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला, त्यामुळे त्याचे ऑप्शन ११ ला माहीत नाहीत. जीसीसी-१२ पॅकेज टाकलं, सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल दिलं, दोन मिनिटांत मॉड्यूल तयार. लॉगच्या शेवटच्या ओळी वाचून काही कळत नाही, तिथं नुसतं एरर टू वगैरे असतं, वर स्क्रोल करत जाऊन जिथं पहिल्यांदा एरर हा शब्द आलाय तिथं थांबा. आणखी एक कारण इथंच येतं, जुनं व्हर्च्युअलबॉक्स आणि फार नवा कर्नल. कर्नलच्या आतली फंक्शन बदलत असतात, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सचं तेवढं नवं व्हर्जन आल्याशिवाय कंपाइल होतच नाही. तेव्हा झगडत बसू नका, व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करा नाहीतर आधीच्या कर्नलवर राहा.

ज्यांनी ओरॅकलच्या साइटवरचं पॅकेज टाकलंय त्यांच्याकडं डीकेएमएस नसेल, तिथं स्लॅश एसबिन स्लॅश व्हीबॉक्सकॉन्फिग ही कमांड सुडोने चालवायची, ती मॉड्यूल बनवून लोड पण करते, आणि लॉग व्हार लॉगमध्ये व्हीबॉक्स-सेटअप नावाने मिळतो. पण उबुंटूचं पॅकेज आणि ओरॅकलचं पॅकेज यांची सरमिसळ करू नका. एका मित्राच्या लॅबमध्ये प्रोग्राम एका व्हर्जनचा आणि मॉड्यूल दुसऱ्या व्हर्जनचं असं झालं होतं, एरर वेगळीच येत होती आणि दिवस गेला त्यात. एक घर धरा आणि तिथंच राहा.

तिसरा प्रकार आला तो मजेशीर वाटेने. पीसीचं घड्याळ मागं पडायला लागलं म्हणून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. सेल काढला की बायॉसची सेटिंग डिफॉल्टला गेली, आणि डिफॉल्टमध्ये सिक्युअर बूट चालू. उबुंटू टाकताना ते बंद होतं, त्यामुळे मॉड्यूलवरची सही ओळखायची चावी वगैरे काही नोंदवलेलीच नव्हती. आता डीकेएमएस स्टेटस बघावं तर इन्स्टॉल्ड लिहिलंय, मॉड्यूल जागेवर आहे, आणि मॉडप्रोब म्हणतंय की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस. मॉकयुटिल डॅश डॅश एसबी-स्टेट दिल्यावर कळलं की सिक्युअर बूट एनेबल्ड आहे. त्याच रीसेटने व्हीटी-एक्स, म्हणजे प्रोसेसरची तीच व्हर्च्युअलायझेशन सोय, सुद्धा बंद झालं होतं, ते आधी बायॉसमध्ये जाऊन चालू केलं, नाहीतर पुढं व्हीटी-एक्स डिसेबल्ड म्हणून वेगळीच एरर आली असती. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊनही कधी कधी बायॉस रीसेट होतं, तेव्हा ही दोन सेटिंग एकदम तपासायची सवय ठेवा.

इथं बहुतेक लोक सांगतात, सिक्युअर बूट बंद कर आणि मोकळा हो. होतं त्याने, खोटं नाही. पण मला ते पटत नाही. ऑफिसातल्या पीसीला दिवसभरात दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात, ड्रॉइंग घेऊन माणसं येत असतात, तिथं जी एक कडी आहे ती आपल्या सोयीसाठी काढून टाकायची कशाला? चावी नोंदवायला दहा मिनिटं लागतात. उबुंटूमध्ये मशीनची स्वतःची चावी व्हार लिब शिम-साइन्ड मॉक फोल्डरात असते, एमओके (म्हणजेच मॉक) डॉट डीईआर नावाने. डीकेएमएस त्याच चावीने मॉड्यूलवर सही करतं, फक्त ती चावी फर्मवेअरला माहीत पाहिजे. सुडो मॉकयुटिल डॅश डॅश इम्पोर्ट आणि पुढं त्या फाइलचा पत्ता, मग तो एक तात्पुरता पासवर्ड मागतो, नुसते आठ आकडे ठेवा, कारण पुढच्या स्क्रीनवर काय टाइप होतंय ते दिसत नाही. रीस्टार्ट केलं की निळा स्क्रीन येतो, प्रेस एनी की म्हणतो, आणि दहा सेकंदच थांबतो. त्या दहा सेकंदांत मी चहा घ्यायला वळलो आणि तो निघून गेला, परत इम्पोर्टपासून सुरुवात. दुसऱ्या वेळी एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. झालं. हे काम एकदाच करायचं असतं, नंतर प्रत्येक कर्नलला डीकेएमएस त्याच चावीने सही करत राहतं. चावी खरंच बसली का हे मॉकयुटिल डॅश डॅश टेस्ट-की ने कळतं, ऑलरेडी एनरोल्ड आलं पाहिजे. मॉडइन्फो व्हीबॉक्सडीआरव्ही केलं की सायनर कोण ते पण दिसतं.

एक सावधगिरी, त्या निळ्या स्क्रीनसमोर माणूस बसलेला पाहिजे, लांबून रिमोटने ते होत नाही. मला त्यासाठी कागलहून उद्यमनगरात यायला लागलं होतं.

चौथा प्रकार सगळ्यात चिवट होता. प्रत्येक रीस्टार्टला व्हीएम पडायची, हाताने मॉडप्रोब दिलं की चालू व्हायची. कर्नल तोच, अपडेट काही नाही. अण्णांनी ती कमांड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली होती आणि पीसी बंद होऊन उठला की ती बघून टाइप करायचे, अडखळत, एकेक अक्षर शोधत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, लेथवर डोळे झाकून दोन शतांश मिलिमीटर पकडणारा, त्याने माझ्या अर्धवट कामापायी दर वेळी असं टाइप करत बसावं हे मला फार लागलं. तेव्हा ठरवलं की आता हे मुळापासूनच काढायचं.

मी ईटीसीमधल्या मॉड्यूल्स-लोड डॉट डी फोल्डरात व्हर्च्युअलबॉक्स डॉट कॉन्फ नावाची फाइल केली, त्यात तीन ओळीत तिन्ही मॉड्यूलची नावं लिहिली. एवढ्याने व्हायला पाहिजे. झालं नाही! मग जर्नलसीटीएल डॅश बी डॅश यू सिस्टिमडी-मॉड्यूल्स-लोड असं करून बूटचा लॉग वाचला, तर तिथं लिहिलेलं की मॉड्यूल डेनी-लिस्टमध्ये आहे म्हणून सोडून दिलंय. ईटीसीमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात ग्रेपने व्हीबॉक्स हुडकलं आणि एक जुनी फाइल सापडली, त्यात ब्लॅकलिस्ट व्हीबॉक्सडीआरव्ही. वर्षापूर्वी मी व्हर्ट-मॅनेजर (केव्हीएम चालवायचा प्रोग्राम) करून बघत होतो तेव्हाची ती, काढायची राहून गेलेली. आणि इथं जी बारकी गोष्ट आहे ती कुणी सहसा सांगत नाही : ब्लॅकलिस्ट ही आपोआप लोड होण्याला अडवते, तुम्ही स्वतः मॉडप्रोबला नाव देऊन सांगितलं तर अडवत नाही. म्हणून हाताने चालायचं आणि बूटला नाही. फाइल उडवली, रीस्टार्ट केलं, एलएसमॉडमध्ये तिन्ही नावं आपोआप हजर. अण्णांनी मॉनिटरवरचा कागद स्वतः काढला.

तीन ओळी का, एक का नाही, तर नुसतं व्हीबॉक्सडीआरव्ही लोड केलं तर नॅटवर चालणारी व्हीएम उठते आणि वाटतं मिटलं. पण ब्रिज लावलं असेल तर नेटएफएलटीशिवाय नेटवर्कवरून एरर येते, आणि होस्ट-ओन्ली असेल तर व्हीबॉक्सनेटसीटीएल नावाचं डिव्हाइसच सापडत नाही म्हणतो. तिन्ही लिहून टाका, त्याने बिघडत काही नाही.

पाचवा प्रकार अलीकडचा. पीसी २४.०४ वर नेला, काही महिने सुखात गेले, मग एचडब्ल्यूईमधून ६.१४ कर्नल आला आणि व्हीएम परत पडली. पण या वेळी मेसेज वेगळा : व्हर्च्युअलबॉक्स कान्ट ऑपरेट इन व्हीएमएक्स रूट मोड. मॉड्यूल बनलेलं, सही झालेली, लोड झालेलं, सगळं जागेवर. हेच ते भांडण. आधी केव्हीएम नुसतं लोड होऊन गप बसायचं, एखादी केव्हीएमची व्हीएम चालू केली तरच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घ्यायचं. ६.१२ कर्नलपासून ते लोड होतानाच ताबा घेऊन बसतं. आणि मघाशी सांगितलं तसं ते प्रोसेसर बघून आपोआप लोड होतं. म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स यायच्या आधीच खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं.

आत्ता लगेच चालू करायचं असेल तर सुडो मॉडप्रोब डॅश आर केव्हीएम-इंटेल, मग तसंच केव्हीएम, एएमडीचा प्रोसेसर असेल तर केव्हीएम-एएमडी. कायमचं करायचं तर दोन वाटा आहेत. एक, केव्हीएम ब्लॅकलिस्ट करायचं. दुसरी मला जास्त बरी वाटते, ईटीसी डिफॉल्टमधल्या ग्रब फाइलमध्ये जिथं क्वायट स्प्लॅश लिहिलेलं असतं त्याच ओळीत केव्हीएम डॉट एनेबल अंडरस्कोर व्हर्ट अंडरस्कोर ॲट अंडरस्कोर लोड इज इक्वल टू शून्य असं टाकायचं, शून्य आकड्यात, सुडो अपडेट-ग्रब द्यायचं आणि रीस्टार्ट करायचं. त्याने केव्हीएम पहिल्यासारखं वागतं, लोड असतं पण गरज पडेपर्यंत ताबा घेत नाही, म्हणजे कधी अँड्रॉइड एम्युलेटर वगैरे लागला तर तोही चालतो, फक्त दोन्ही एका वेळी नाही.

मामा या सगळ्याला वैतागून म्हणाले होते, "अपडेटच बंद करून टाक की, चाललंय ते चालू दे." त्यांचं म्हणणं मला कळतं, मशीन उभं राहिलं की त्यांचे पैसे जातात. पण त्या पीसीवर बिलं आहेत, बँकेचं काम होतं, जीएसटी भरलं जातं, तिथं सिक्युरिटी अपडेट बंद ठेवणं मला मान्य नाही. मी त्यांना म्हटलं, मामा, राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, आपण ३९ लाच सामान वर हलवतो ना, तसं याला पण इशाऱ्याची पातळी लावूया. २०१९ चा पूर त्यांनी बघितलाय, लगेच पटलं.

ती इशाऱ्याची पातळी म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. बूट फोल्डरात जेवढे व्हीएमलिनझ (कर्नलच्या फाइली) आहेत तेवढ्या कर्नलची यादी काढायची आणि प्रत्येकासाठी मॉडइन्फो डॅश के, त्या कर्नलचं नाव, आणि व्हीबॉक्सडीआरव्ही असं विचारायचं. एखाद्या कर्नलसाठी मॉड्यूल नसेल तर डेस्कटॉपवर मराठीत मेसेज येतो : नवीन कर्नलचा ड्रायव्हर तयार नाही, पीसी बंद करू नका, फोन करा. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती चालते. आधी मी लिब मॉड्यूल्समधली फोल्डरं मोजत होतो, पण काढून टाकलेल्या कर्नलची रिकामी फोल्डरं तिथं मागं राहतात आणि उगाच खोटा इशारा येतो, म्हणून बूटमधली यादी घेतली. इशारा आला की मी लांबूनच सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल डॅश के आणि नव्या कर्नलचं नाव देतो, पीसी जुन्याच कर्नलवर चालू असताना नव्यासाठी मॉड्यूल तयार होऊन बसतं, कुणाला पत्ताही लागत नाही. एवढं ध्यानात घ्या की ही स्क्रिप्ट मॉड्यूल आहे का एवढंच बघते, केव्हीएमसारखं भांडण तिला दिसणार नाही, म्हणून मोठा कर्नल बदल झाला की त्या आठवड्यात काम संपल्यावर मी एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून बघतो.

व्हीएमवेअर वापरणाऱ्यांना नावं वेगळी लागतील, तिथं मॉड्यूल व्हीएममॉन आणि व्हीएमनेट, आणि ती बनवायची कमांड व्हीएमवेअर-मॉडकॉन्फिग डॅश डॅश कन्सोल डॅश डॅश इन्स्टॉल-ऑल. बाकी हेडर, सही, नव्या कर्नलला न जुळणं, हे सगळं तसंच.

आणि व्हीएम उठली पण आत सिरियल केबल दिसत नाही, असं असेल तर ते मॉड्यूलचं नाही. तुमचा युजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्ये नाही. सुडो युजरमॉड डॅश एजी, ए छोटा आणि जी कॅपिटल, पुढं व्हीबॉक्सयूजर्स आणि युजरचं नाव, मग एकदा पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन. नुसती व्हीएम बंद-चालू करून ते लागू होत नाही, मी तिथंही अर्धा तास घालवलाय.

गेल्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मामा आणि अण्णा दोघांना समोर बसवून पीसी दोनदा रीस्टार्ट केला, एकदा नव्या कर्नलवर आणि एकदा ग्रबमधून जुन्या कर्नलवर. दोन्ही वेळा अण्णांनी कशालाही हात न लावता विंडोज उघडलं आणि दोन नंबरच्या लेथला प्रोग्राम पाठवला.